धरून ठेवलेली लाईन

आदिलाबादच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. चार मशीन, एक मोडेम आणि एक टेलिफोन. क्लासचा म्हणून वेगळा फोन नव्हता, घरचा होता तोच. मोडेमही त्याच लाईनवर चालायचा आणि तो चालू असला की बाहेरून फोन लागत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या एका फोनपायी झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेकडे आकाशातून टिपलेल्या संकेतांचा एवढा ढीग साचला होता की तो तपासायला त्यांची मशीन पुरेनात. म्हणून त्यांनी कामाचे लहान लहान तुकडे केले आणि जगात ज्याला हौस असेल त्याला वाटायला सुरुवात केली. तुकडा इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, आपलं मशीन रिकामं असताना त्यानं तो सोडवायचा आणि उत्तर परत त्यांच्या सर्वरला पाठवायचं. मिळायचं काहीच नाही. फक्त एका यादीत नाव आणि नावापुढं आपण सोडवलेल्या तुकड्यांचा आकडा. साऱ्या गावात मी एकटाच हा उद्योग करत होतो आणि त्याचा मला जरा माजच होता म्हणा ना.

पण हौशी लोक त्यांच्या अंदाजापेक्षा फारच निघाले. सर्वरचं कंबरडं मोडलं. इकडे माझं मशीन लोडशेडिंगमधून वाचत वाचत तीन-तीन दिवसांनी एक तुकडा पुरा करायचं आणि तिकडून निरोप यायचा, सध्या गर्दी आहे, नंतर प्रयत्न करा. उत्तर घेतलं नाही की नवा तुकडा नाही, आणि नवा तुकडा नाही की मशीन बेकार. मी दर पाच मिनिटांनी बटण दाबायचो. जेवणात लक्ष नाही, शिकवताना निम्मे डोळे मोडेमच्या लाल दिव्याकडे. मुधोळचा एक प्राध्यापक, ज्याचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं, यादीत माझ्या दोन तुकडे पुढं होता. त्या भल्या माणसानं माझं डोकं पार उठवलं होतं.

बाबा तहसील कचेरीतून रिटायर झालेले. दाराशी खुर्ची टाकून ते हा तमाशा बघायचे. एक दिवस म्हणाले, "तू घडीघडी काऊन विचारून राह्यला त्याले?"

"सर्वर बिझी हाय बाबा. कधी मोकळा होईल सांगता येत नाई."

"तुह्यासारखे सगळेच घडीघडी विचारत असतीन. मंग कसा मोकळा होईल तो?"

मग त्यांनी त्यांची कचेरी काढली. साहेबांच्या दस्तखताच्या दिवशी साऱ्या गावांचे लोक अर्ज्या घेऊन एकदमच यायचे. दाराशी रेटारेटी, आणि दिवसभरात कोणाचंच काम धड व्हायचं नाही. शेवटी बाबांनी दारावर खडूनं लिहून टाकलं, बेल्याकडची गावं सोमवारी, जैनथकडची मंगळवारी. तेवढ्यानं गर्दी ओसरली. "ज्याचा वार नाई त्यानं घरी राहावं," बाबा म्हणाले. मी हसलो. म्हटलं, बाबा, हे कॉम्प्युटरचं काम आहे, खडूनं होत नसतं.

माझी धाकटी बहीण बेल्याला दिली होती. जावयांची शेती, कापूस आणि ज्वारी. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं होतं आणि ते फार जड गेलं होतं. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला कळा सुरू झाल्या की लगेच इथं आणा, घरी थांबू नका. पण हे दुसरं बाळंतपण, सासरचं, आणि दिवस कापूस वेचणीचे. शनिवारी आमच्याकडे येते म्हणाली. तोवर काही झालंच तर जावयांनी बेल्याच्या एसटीडी बूथवरून आम्हाला फोन करायचा आणि मी शेजाऱ्यांची जीप घेऊन निघायचं, असं ठरलं होतं. बेल्यात तेव्हा हाकेसरशी गाडी मिळत नसे. तिचा जीव त्या एका फोनवर होता आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी क्लास रिकामा होता. आपल्याकडे दुपार म्हणजे त्यांच्याकडे रात्र, तेव्हा गर्दी कमी. दोनच्या आधीच मी मोडेम सुरू केला. इंटरनेटसाठी लावायचा हैदराबादचा नंबर सात-आठ वेळा तुटला आणि मग लागला. इथं माझी मती फिरली. ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून दिवस दिवस वाट पाहिली आहे त्यांना हे कळेल. लाईन एकदा मिळाली की सोडायची नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. सर्वर गर्दी आहे, गर्दी आहे म्हणत होता, तरी मी लाईन धरून बसलो. तोडली आणि पुन्हा लागलीच नाही तर?

"झालं का?" बाबा आतून म्हणाले. "ठेव आता. पोरीचा फोन आला तं?"

"ते शनिवारी येनार हाय ना बाबा. दोनच मिनिटं."

ती दोन मिनिटं अडीच तास चालली. चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. मी उठायचो, खिडकीपर्यंत जायचो, परत येऊन बटण दाबायचो. त्या सर्वरला मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या. दार लावून बसलेत लेकाचे, बाहेर माणूस ताटकळतोय त्याची फिकीर नाही, असं मी तोंडानं पुटपुटलोसुद्धा. ते शब्द मला अजून आठवतात आणि आठवले की लाज वाटते.

साडेचारला सर्वरनं उत्तर घेतलं. धन्यवाद अशी एक ओळ आली आणि नवा तुकडा उतरला. मी लाईन तोडली. प्राध्यापक आता एकाच तुकड्यानं पुढं, एवढंच डोक्यात आलं असेल, तोच फोन वाजला.

जावई होते. "दादा, आमी दवाखान्यात हाओ."

"कोणत्या?"

"तुमच्याच गावात. दोन वाजतापासून फोन लावून राह्यलो. नुसता एंगेज."

बूथवर ते तासभर उभे होते. मागे नंबर लावलेली माणसं आपली पाळी सोडत होती, लावा, अजून एकदा लावा म्हणत होती. शेवटी जिनिंगच्या कारखान्याला कापूस घेऊन निघालेला एक टेम्पो त्यांनी हात करून थांबवला, तिला कापसावर निजवलं आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं आणलं. शेजाऱ्यांची जीप सगळा वेळ आमच्या दारासमोर उभी होती.

मुलगी झाली. बराच वेळ रडली नाही, मग रडली. बहिणीच्या अंगातलं रक्त फार गेलं होतं. मी हात पुढं केला, माझं रक्त जुळलं नाही, जावयांचं जुळलं. दोन दिवस डॉक्टरीणबाई नीटसं काही बोलल्या नाहीत. मी व्हरांड्यात येरझारा घालत राहिलो. यादी, तुकडे, प्राध्यापक, सगळं मला विटाळल्यासारखं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. केसांत अजून कापूस अडकलेला होता. "दादा, कोणासंग बोलून राह्यला होता येवढा येळ?"

"कोणासंगच नाई," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं डोळे मिटले.

घरी येऊन मी मोडेम काढायला घेतला, तर बाबांनी अडवलं. "काम वाईट नाई. तुही पद्धत वाईट हाय." त्यांनी खडू घेतला आणि क्लासच्या दारावर लिहिलं, दुपारी तीन ते साडेतीन मशीन, बाकी टाईम फोन मोकळा. त्या अर्ध्या तासात जमलं तर जमलं. जमेल त्या दिवशी मी पाच-सहा तुकडे एकदम उतरवून ठेवू लागलो, म्हणजे पुढचे पंधरा दिवस सर्वरचं दार वाजवायची गरजच नको. पुढं त्या प्रयोगशाळेच्या लोकांनीही आपला प्रोग्राम बदलला. गर्दी दिसली की तो आपणहून थांबायचा आणि दर खेपेला जास्त वेळानं विचारायचा. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "खडू कोणी देल्ला त्याईले?"

बहीण लेकीला घेऊन दीड महिना आमच्याकडे राहिली. त्या दिवसाबद्दल ती परत कधी बोलली नाही. पण ज्या दिवशी मी मोडेम लावायचो त्या दिवशी, साडेतीन वाजून तो बंद झाला की ती आतून यायची, रिसीव्हर उचलून कानाला लावायची, लाईनचा आवाज ऐकायची आणि जागेवर ठेवायची. मी समोर बसलेला असायचो. मग ती बाळाकडे जायची.