तांब्याची बारा पातेली

ओंदीनाबाईंचा देवावर फार भरवसा होता. देवाचा त्यांच्यावर किती होता, ते त्यालाच ठाऊक. झांबियातल्या एका खेड्याला मदत करणारं सात म्हाताऱ्यांचं मंडळ होतं, त्याच्या त्या एकोणीस वर्षं अध्यक्ष होत्या. निवडणुकीच्या दिवशी केक त्याच करून आणायच्या, मग विरोधात हात कोण वर करणार? इटलीच्या फ्रिउली भागातल्या त्यांच्या गावात मंडळाचं ऑफिस बंद पडलेल्या डेअरीत होतं. जागा फुकट, आंबूस वासही फुकट.

वर्षातून एकदा तिकडे मोठी पेटी जायची. खेड्यातल्या बायका तीन वर्षं एकच मागत होत्या: बंद पडलेल्या गिरणीची जाळी आणि बेअरिंगं. दळण डोक्यावर घेऊन त्यांना अकरा किलोमीटर चालावं लागे. पण ओंदीनाबाईंनी एक फोटो पाहिला. त्यात त्या बायका चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मक्याचं पीठ घोटत होत्या. आता हे फ्रिउलीच्या बाईला बघवेल कसं? पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, घोटायचा तो तांब्याच्या पातेल्यातच, पाऊण तास, एकाच दिशेने. बाईंनी घरोघर फिरून बारा पातेली जमवली, व्हिनेगर-मिठाने लखलखीत घासली आणि पेटी गच्च भरली.

प्रीमो म्हणजे मंडळातला निवृत्त मेकॅनिक. त्याने जाळी-बेअरिंगं केव्हाच आणून ठेवली होती. ती कुठे ठेवू, असं त्याने विचारलं. पुढच्या वर्षी, बाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी मी असेन का?"

"नसलास तर वरून बघ."

पेटी सोमवारी निघणार होती. रविवारी त्या खेड्याच्या महिला मंडळाची प्रमुख, मुतिंता, पाहुणी म्हणून आली. लहानपणी नन्सच्या शाळेत शिकल्यामुळे तिला इटालियन बरं यायचं. बाईंनी तिच्यासाठी स्वतः पोलेंटा घोटला, फळीवर उलटा केला, दोऱ्याने कापला. पिवळाधमक. मुतिंताने ताटाकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "मावशी, इथे दुष्काळ पडलाय का?"

बाईंना काही कळेना.

"पिवळा मका आमच्याकडे दुष्काळात मदतीच्या ट्रकमधून येतो. एरवी कोंबड्यांना घालतात."

प्रीमोला ठसका लागला. मुतिंताने बाईंच्या हातावर हात ठेवला. "काळजी करू नका. औंदा आमचा पांढरा मका चांगला आलाय. पाठवू तुम्हाला पोतंभर? फक्त पीठ नाही देता येणार. गिरणी बंद आहे ना."

एकोणीस वर्षांत बाईंना कुणी काही देऊ केलं नव्हतं. त्या चुलीसारख्या लाल झाल्या. देवाने कान उपटायला माणूस थेट विमानाने धाडला होता. गळ्यातला जेवणाचा रुमालही न काढता त्या उठल्या, डेअरीत गेल्या आणि पातेली खणाखण बाहेर काढू लागल्या. मागून आलेल्या प्रीमोकडे न बघताच म्हणाल्या, "उभा काय राहिलायस? आण तुझी जाळी."

बेअरिंगं आत गेली, जाळी आत गेली. झाकण लावताना प्रीमोला पेटीच्या कोपऱ्यात एक छोटं पातेलं दिसलं.

"हे राहिलं की."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पीठ भरून पाठवायला त्यांना काहीतरी लागेल ना."