फटकेकाकांचा बार्बेक्यू

फटकेकाकांनी पहिल्या भेटीतच माझ्या कानाखाली वाजवली. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो, शाळेत भूगोल शिकवत होतो आणि माझी बायको शेजारी उभी होती. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या वेल्डिंगच्या शेडसमोर मी रिक्षातून एक ड्रम उतरवला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "याचा बार्बेक्यू करून द्या." काकांनी ड्रमचं बूच फिरवलं, नाक लावलं आणि तोच हात माझ्यावर उचलला.

"थिनरचा ड्रम आहे बे हा. किती दिवस घरात ठेवला?"

"आठ दिवस."

"बाई, तुमच्या माणसाले सांभाळा," ते माझ्या बायकोला म्हणाले. "हा मरते आन् तुमाले घेऊन मरते."

मग त्यांनीच आम्हाला चहा पाजला. बायको प्रताप नगरला घरी पोचेपर्यंत हसत होती. थपडेपेक्षा ते जास्त लागलं.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. ते गिऱ्हाइकाला मारत, वाकड्या पत्र्याला मारत, बंद पडलेल्या पंख्याला मारत. शिव्या तर अशा की पुढच्या चौकातल्या पानठेल्यापर्यंत शब्दन् शब्द ऐकू जाई. पण शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तर आपण मान वर करतो का? तसंच ते. काका ओरडून राहिले, इतकंच लोक म्हणत आणि आपापल्या कामाला लागत. मीही त्यातलाच झालो.

त्यांना डावा कान नव्हता. त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा स्वतःहून बोलले, हातोडी न थांबवता. "भाऊ कापून राहिला होता. बंद ड्रम, आत थिनरची वाफ. आग लागताबरोबर झाकण उडालं. त्याचं अर्धं डोकं घेऊन गेलं, माहा कान घेऊन गेलं. मीच म्हटलं होतं त्याले, धुतला आहे, काप." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पत्र्यावर असा घाव घातला की तो पत्रा वाया गेला.

तेव्हापासून त्यांचा एकच कायदा होता. ड्रम कोणताही असो, आधी बूच उघडायचं, मग पाण्याने भरायचा आणि पाण्यासकट कापायचा. शेड कायम चिखलाने भरलेली असे. त्यातूनही ते फक्त खाद्यतेलाचे ड्रम घेत, तेही बोटाच्या पेराने ठोकून. पातळ वाजला तर लाथ मारून परत पाठवत. "पातळ पत्रा आग धरत नाही. मटन वरून जळते, आतून कच्चं राह्यते, आन् तुम्ही शिव्या मले देता." नवा बार्बेक्यू ते दिवसभर बाभळीच्या लाकडांवर रिकामाच जाळत, रंगाचा शेवटचा पापुद्रा निघेपर्यंत. मग जाळीला मटणाची चरबी चोळत. एकदा एका गिऱ्हाइकाने जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी आणली, कारण ती दिसायला छान होती. "हे तापवून त्याच्यावरचं खाशील तर जहर खाशील," असं म्हणत काकांनी ती रस्त्यापलीकडच्या नालीत भिरकावली.

विकून मोकळं होणं त्यांना माहीत नव्हतं. रविवारी सकाळी स्कूटरवरून ते न सांगता कुणाच्याही अंगणात हजर होत आणि झाकण उघडून आत हात घालत. राख साठलेली दिसली की संपलंच. "राख ओली झाली का लोखंड खाते. दात घासता का नाही रोज?" आमच्याच कॉलनीतल्या एका डॉक्टरांनी बार्बेक्यू साबणाने धुऊन पावसात उघडा ठेवला होता. घरी पाहुणे जमलेले. काकांनी स्कूटरच्या डिकीतून घण काढला आणि पाहुण्यांसमोर त्या बार्बेक्यूचा चेंदामेंदा केला. महिन्याभराने तेच डॉक्टर नवा घ्यायला गेले आणि दारात अर्धा तास शिव्या ऐकत उभे राहिले.

मला मात्र त्यांनी शिकवलं. तारेचा ब्रश त्यांनी माझ्या हातातून हिसकावून मोडला, कारण त्याची तार मटणातून कुणाच्या तरी घशात जाते. तापल्या जाळीवर अर्धा कांदा घासायचा. धुरासाठी संत्र्याचं वाळलेलं लाकूड टाकायचं, तेही मूठभरच. चरबीने भडका घेतला तर पाणी मारायचं नाही, झाकण लावायचं. हे शेवटचं शिकवताना त्यांनी माझ्या मनगटावर चिमटा हाणला होता. मला तो माणूस फार आवडायचा. असं कुणी मला आधी कधी रागावलं नव्हतं, वडीलसुद्धा नाहीत.

गेल्या डिसेंबरात मी जाळी बदलायला गेलो होतो. रस्त्यापलीकडे नरेशची शेड होती. तो तिशीचा, पूर्वी काकांच्याच हाताखाली शिकलेला, मार खाऊन खाऊन वेगळा झालेला. वर्षअखेरच्या पार्ट्यांसाठी फार्महाऊसवाल्यांनी त्याला बरेच बार्बेक्यू सांगितले होते. भरदुपारी त्याने एक ड्रम आडवा केला आणि गॅस कटर पेटवला. जमीन कोरडी होती.

"नऱ्या, थांब बे," काका ओरडले. "पाणी भर पह्यले."

नरेशने मान वर केली नाही. "हो काका, भरतो," एवढंच म्हणाला आणि ज्योत बारीक करत राहिला. काका पुन्हा ओरडले, आई-बापावरून. पानठेल्यावर कुणीतरी हसलं. मीही हसलो. माझ्या हातात चहा होता आणि रोजचंच आहे असं मला वाटलं. ते हसू मला आजही सोडत नाही.

काकांच्या आवाजात काही वेगळं होतं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. नव्हतं. ते नेहमी तसेच ओरडायचे. यावेळी कुणी ऐकत नाही हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं. सत्तरीचा माणूस रस्ता तीन ढांगांत ओलांडून गेला आणि नरेशच्या बरगड्यांत त्याने अशी लाथ घातली की तो शेडबाहेर जाऊन पडला. कटर हातातून सुटून ड्रमच्या बुचापाशी पडला. काका तो उचलायला वाकले.

पुढचं मी लिहीत नाही. समोरच्या दुकानाच्या काचा फुटल्या, माझा कप फुटला, आणि धूर विरला तेव्हा काका आपल्या भावासारखेच पडले होते.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी त्रिशरण-पंचशील झालं, मग घाटावर न्यायची वेळ आली. गल्लीतले सगळे होते, ज्यांनी मार खाल्ला ते सगळे. डॉक्टरांनी खांदा दिला, मी दिला. नरेश पुढे आला. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्याने हात वर न्यायचा प्रयत्न केला, दोनदा केला, पण हात खांद्याच्या वर जाईना. मग एका हाताने कूस दाबून धरत तो तिरडीच्या बाजूने घाटापर्यंत चालत आला.