नुसता दिवा लागला होता

बोर्ड सुरू होत नव्हता. पुण्याच्या एका कंपनीसाठी वजनकाट्याच्या नव्या बोर्डावर छोटी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचं काम मी परळीतून, आमच्या दुकानामागच्या खोलीत बसून करत होतो. जुन्या बोर्डावर तिचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरळीत चालायचा. नव्यावर करंट दिला की पुढं काहीच नाही, स्क्रीनवर एक अक्षर उमटायचं नाही. चूक दाखवली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

बाजारात मात्र सगळे बोलत होते. "पोरगं पुणं सोडून घरी काहून बसलंय?" असं अप्पांना गल्ल्यावर येऊन विचारायचे. अप्पा म्हणजे माझे वडील, भुसार व्यापारी. पोराची नोकरी गेली ही कुजबुज त्यांना फार लागायची. एकदा चिडून त्यांनी मला विचारलं, "चालू कधी हुईल ते सांग." मीही अतिशहाणा. म्हणालो, "सोमवारपर्यंत."

आमच्यात नवा काटा पूजा केल्याशिवाय दुकानात मांडत नाहीत, आणि अप्पांच्या लेखी माझा बोर्डही काटाच. सोमवारी सकाळी अंघोळ करून खोलीत आलो तर टेबलाशेजारी पाट, नारळ, विभूती, आणि सतरंजीवर शेजारचे कापडवाले काका अन् खतवाले मामा. अप्पांना बाजूला घेऊन "अजून झालं नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं आणि सकाळपासून ते हसत होते. मी बोर्डाला वायर जोडायला घेतली.

स्क्रीन गप्प असली की आमच्या धंद्यात एक साधी युक्ती करतात. कर्नलच्या अगदी सुरुवातीच्या ओळींत बोर्डावरचा बारका दिवा लावायचा हुकूम घालतात. दिवा लागला म्हणजे गाडी तिथवर पोचली, बस. पुढं ती कुठं अडकते ते शोधायचं बाकीच असतं. तो हुकूम मी आदल्या दिवशी घातला होता. अप्पा म्हणाले, "कर चालू." मी बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला. स्क्रीन काळीच.

"लागला! लागला की!" म्हणत अप्पांनी नारळ फोडला. पाणी बोर्डावर उडू नये म्हणून मी दोन्ही हात पुढं केले. काकांना तो नमस्कार वाटला असावा, त्यांनीही हात जोडले. "लई भारी," मामा म्हणाले, "आता कोण काय बोलतंय बघू." अप्पांनी भरवलेला पेढा तोंडात नुसता फिरत राहिला.

मग अप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. मी मागच्या बोळातून ये-जा सुरू केली. खिडकीतून येणारी थर्मल वीजकेंद्राची राख बोर्डावरून ब्रशनं झाडायचो, तिच्यावरच खेकसायचो. खरा घोळ माझाच होता. जुन्या बोर्डावर मेमरी ज्या पत्त्यापासून सुरू व्हायची, तोच पत्ता मी नव्यालाही देऊन ठेवला होता. दिवा लावून झाला की कर्नल तिथं जायचा, तिथं मेमरी नसायचीच, आणि आवाज न करता मरायचा. नवशिक्यानं करावी अशी चूक. सापडली तेव्हा आनंदाआधी लाजच वाटली.

पत्ता बदलला, बटण दाबलं. भराभर ओळी उमटल्या आणि खाली कर्सर लुकलुकायला लागला. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तसाच बाहेर गेलो.

"अप्पा, चालू झालं!"

"म्हंजी?"

"त्या दिवशी नुसता दिवा लागला होता. बोर्ड चालू झाला न्हवता. आज झालाय."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते आत आले, वाकून त्या ओळींकडे बघत राहिले. चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी कापडवाल्याच्या दुकानाकडं बघितलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "शेजारी ऐकतेल."