कंदाची पारख

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. ज्या एका बाबतीत माझ्या सासऱ्यांना, आबांना, कुणी फसवू शकत नाही असं अख्खं सावदा मानतं, नेमकं त्याच बाबतीत मी त्यांना फसवलं आहे.

आबांइतका मरणाला दाराबाहेर ताटकळत ठेवणारा माणूस उभ्या खानदेशात नसेल. वय एक्क्याण्णव. सकाळी कळण्याची भाकरी, तिच्यावर ठेचा आणि ठेचा बुडेल एवढं तेल. मग बिडी. मी सकाळी फिरायला निघालो की काळजीने विचारतात, "जवाईबापू, कोनी मांगे लागलं का?" जन्म केळीच्या मळ्यात गेला, त्यामुळे सिद्धान्त एकच: कंद चांगला तर झाड चांगलं, खतपाणी नंतर. माणसाचंही तेच. कुणी वारलं म्हणून दारावर बसायला गेले की आधी गेलेल्याचं वय विचारतात, मग त्याच्या बापाचं, आणि "घरानंच आखूड" म्हणून मान हलवतात. एका डॉक्टरने त्यांचा रक्तदाब बघून तेल बंद करायला सांगितलं, तर यांनी त्यालाच विचारलं, "तुमचे वडील किती वर्साचे व्हऊन गेले?"

"साठ."

"मंग तेल तुम्ही सोडा."

मी धुळ्याहून मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना शिक्षण. "वडील कशानं गेले?" एवढंच. माझे वडील सुरतेला गिरणीत होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी कामावर जाताना हृदय बंद पडलं आणि सायकलवरून कोसळले. आजोबाही त्याच वयात, तसेच गेले. पण मुलगी माझ्या मनात भरली होती. म्हणालो, "रस्त्यात ट्रकनं उडवलं." रस्ता खरा होता, ट्रक मी घातला. आजोबांनाही बसल्या जागी चाळीस वर्षं वाढवून दिली. आबा प्रसन्न झाले. शेजारी आई मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिली. बाहेर आल्यावर आमच्या बोलीत एवढंच म्हणाली, "ट्रक कथाईन लई उना रे?" ट्रक कुठून आणलास, एवढंच. पुढे तिने तो विषय कधी काढला नाही, आणि आता तीही नाही.

वडिलांचं वय मी केव्हाच ओलांडलं. उकडलेला दुधी खातो, चालतो, गोळ्या घेतो आणि घरी त्या पित्ताच्या म्हणून सांगतो. थकायला होतं, दुधीने नव्हे, लपवण्याने. डॉक्टर म्हणाले, "रक्तातून आलेलं बदलत नाही, पण वेळीच कळलं तर बरंच पुढे ढकलता येतं. मुलाला घेऊन या."

आमचे चिरंजीव तेवीस वर्षांचे, आजोळीच राहून केळीचा धंदा शिकतात. मागच्या रविवारी मी सावद्याला गेलो, तर शेवभाजीवरची तर्री वाटीने पीत होते. खिशात सिगारेटचं पाकीट. मी टोकलं तर पोरगा म्हणाला, "पप्पा, टेन्शन नका घेऊ. आपला कंद दोन्हीकडून पक्का आहे." आबा खूश होऊन म्हणाले, "खाय बेटा, खाय!" मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

निघताना आबा फाटकापर्यंत आले. माझा हात धरला.

"लोकं हासतात मले, वय विचारतो म्हनून. माही अक्का इशीत रांडावली, जवाईबापू. तिच्या नवऱ्याचं घरानं कोनी पाह्यलं नव्हतं. जलमभर ह्याच घरात चुलीपुढे बसून राह्यली ती. म्हनून पोरीच्या वक्ती म्या काहीच पाह्यलं नाही, तेवढंच पाह्यलं."

मी एसटीत बसलो आणि धुळ्याला आलो.

आबांची माफी मागायची आहे, बायकोचीही. पण त्याआधी मुलाला एक वाक्य देणं लागतो: तुझे आजोबा ट्रकखाली गेले नाहीत, हृदय बंद पडून गेले. ते अजून दिलेलं नाही.