ढुंढिराजपंतांचा परतीचा रस्ता

काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातले ढुंढिराजपंत म्हणजे गर्दीचे पंत. देशावरून यात्रेकरूंचा जथा आला की त्यांना नावेत, घोड्याच्या एक्क्यात बसवून काशी दाखवून आणायचं काम त्यांचं. ग्रहणाच्या गर्दीतही त्यांचं माणूस कधी हरवलं नाही. एकदा एक सोलापूरकर आजी दिसेनात म्हणून रडारड झाली, तर त्या पंतांच्याच घरी त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाकाकूंना, पापड लाटू लागत होत्या! असो.

साहेबाच्या राज्यात, एका हिवाळ्यात, विलायतेचा क्रिकेट संघ काशीत आपल्या लोकांशी काही दिवसांचा सामना खेळायला आला. छावणीकडच्या मैदानावर अख्खं शहर लोटणार. लोकांची ने-आण कशी करायची ते ठरवायला सामन्याच्या कमिटीने पंतांना बोलावलं. पंतांनी मेळ्याचीच रीत लावली. एक्क्यांनी मैदागिनवरून जायचं, सिगऱ्यावरून परतायचं, आणि कुणीही, अगदी कुणीही, मधूनच उलटं फिरायचं नाही. नाक्यानाक्यावर शिपाई. सुरुवातीचे दिवस इतके सुरळीत गेले की मला वाटलं, साहेब आता पंतांना विलायतेलाच घेऊन जाणार.

आमच्या गल्लीतले नीलकंठ मास्तर क्रिकेटचे वेडे. मुलांना कपडे धुवायच्या धोपटण्याची बॅट करून खेळायला शिकवायचे. पुढे वाताने पाय गेले. विलायतेचे गडी एकदा डोळ्यांनी पाहावेत, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. शेवटच्या दिवशी पंतांनी त्यांना आपल्या शेजारी बसवून पहिल्या एक्क्यातून नेलं. तोवर पंत स्वतः गोदौलियाच्या नाक्यावरच उभे असायचे. खेळ असा त्यांनीही त्याच दिवशी पाहिला.

दुपारी खेळाडू जेवायला गेले. साहेब लोक उठले, खुर्च्या रिकाम्या झाल्या. आता आमच्या पंक्ती आठवा. जेवण झालं, विडा हातात पडला, की कार्य आटोपलं. पानावरून उठून पुन्हा कामाला लागणारा यजमान पंतांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यात मेळ्याची शिस्त अशी की म्हातारी माणसं गर्दी फुटायच्या आत हलवायची. त्यांनी दोन धट्ट्याकट्ट्या एक्केवाल्यांना खूण केली.

मास्तर म्हणाले, "पंत, खेळ संपलेला नाही."

"मास्तर, जेवणं झाल्यावर संपायचं काय राहतं? माणसं हलवणं तुम्ही मला शिकवू नका."

आजूबाजूचे हसले. मास्तरांना उचलून एक्क्यात ठेवलं, पंत शेजारी बसले.

सिगऱ्याजवळ मागून दुसरा एक्का आला. त्याच्या एक्केवाल्याने सांगितलं की खेळ पुन्हा सुरू झालाय आणि आपले लोक जोरात आहेत. पंतांचा चेहरा पडला. त्यांनी एक्का वळवायला सांगितला, तर शिपायाने काठी आडवी धरली.

"पंडितजी, उलटा कोई नहीं जाएगा। आप ही का कायदा है।"

 मग खाली गोदौलिया, तिथून चौक, मैदागिन, असा सगळा वळसा, आणि जागोजागी पंतांनीच लावलेल्या एक्क्यांच्या रांगा. मैदानाच्या दाराशी पोचले तेव्हा लोक टोप्या उडवत बाहेर येत होते. आपल्या लोकांनी विलायतवाल्यांना हरवलं होतं.

पंतांनी खाली उतरून मास्तरांचे पाय धरले. मास्तरांनी ते मागे ओढून घेतले. तेवढी ताकद त्या पायांत अजून होती.

त्यानंतर पंतांनी दिवसाउजेडी मास्तरांच्या दारावरून जाणंच सोडलं. जवळचा शिंदे घाट टाकून स्नानाला मुन्शी घाटापर्यंत चालत जायचे. काकू विचारायच्या, तिकडची गंगा काय वेगळी आहे? 

पण रोज संध्याकाळी, ती दुपार पाहिलेला कुणीतरी धरून ते मास्तरांकडे पाठवू लागले. असा मीही गेलो. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मास्तर एकेक चेंडू विचारू लागले आणि मी आठवेल ते, न आठवेल तेही सांगत सुटलो. मास्तर असे खुलले म्हणता! मग मधेच थांबून म्हणाले, "बाहेर पायरीवर कोण बसलंय ते मला ठाऊक आहे. म्हणावं, आत या."

मी बाहेर जाऊन निरोप सांगितला. पंतांनी मान वर केली नाही.

"तुम्ही त्यांना पुढचं सांगा," ते म्हणाले. "मधे थांबवू नका."

हिवाळा सरला, उन्हाळ्याची भाजणारी लू वाहू लागली, तरी पंत त्या पायरीवरच बसायचे.