रुमालाखालचं नख

शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी माझ्या दादाला फसवलं. लकव्यानंतर दादा डोळे उघडायचा, पण बोलत नव्हता, सांगितलं तरी हात उचलत नव्हता. त्याच्या उशाशी उभे राहून डॉक्टर म्हणाले, "आत कुणी नाही. घरी नेऊन सेवा करा."

आम्ही त्याला गावी, कोरीटला आणलं. वहिनी अंग पुसायची, नळीतून पेज द्यायची, पण त्याच्याशी बोलणं तिने सोडलं. येणारेजाणारे तर दादासमोरच तो गेल्यासारखं बोलायचे.

आम्ही दोघे भाऊ बैलांचे व्यापारी. बाजारात भाव तोंडाने नाही, रुमालाखाली हातात हात घेऊन बोटांनी ठरतो. मला ते दादानेच शिकवलं. शिकवताना मी भाव फार पाडला की तो माझ्या तळहातात नख रुतवायचा. वर तोंडावर हसू.

त्याच्या लाडक्या ढवळ्या बैलाला एक गिऱ्हाईक आलं. मागणी अगदी पडेल. सवयीने मी दादाच्या हातावर रुमाल टाकला. "दादा, तुन्हा ढवळ्या इकी ऱ्हायनू," म्हटलं आणि तो भाव त्याच्या हातात दिला.

नख लागलं.

"वयनी, दादा नख मारस!"

"भाऊ, तुमले काहीबी वाटस."

मी चिडलो. मग नीट पारख केली. पडेल भाव दिला की नख. रास्त भाव दिला की त्याची बोटं माझ्या बोटांवर मिटायची. उलटसुलट देऊन पाहिलं, एकदाही चुकला नाही. शेवटी वहिनीने रुमालाखाली स्वतःचा हात घातला. बराच वेळ काढला नाही. मग डोळे पुसत त्याच्यावरच ओरडली, "मंग इतला दिन गप काबरं पडेल शेतस?"

ढवळ्या विकला नाही.

पुतणीने मोबाइलवर वाचून दाखवलं. निपचित पडलेल्यांना यंत्रात ठेवून प्रश्न विचारतात, आणि काहींचा मेंदू उत्तर देतो. पुढे मेंदूत बसवलेल्या तारा मनातलं बोलूनही दाखवतील म्हणे. ते यंत्र इकडे आलं की त्याचा भाव मी पाडीन, दादाने कितीही नखं मारली तरी.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे." प्रतिक्षिप्त क्रियेला बैलाचा भाव कळतो होय?

डॉक्टर, कोरीटला या. खाटेवर बसा, रुमालाखाली हात द्या. नीट न तपासता, त्याच्या उशाशी उभं राहून, 'आत कुणी नाही' का म्हणालात? मला सांगू नका. दादाला सांगा. तो ऐकतोय.