मल्हारी कॉम्प्युटरवाला

दुरुस्तीच्या कामाच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव नव्हतं. ‘गुलमंडी, कापडदुकानावरचा माळा, छपाईची अक्षरजुळणी, कॉम्प्युटर चालू होत नाही,’ एवढंच होतं. मल्हारीनं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि सायकल काढली.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा जानेवारी संपत आला होता. मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलून दहा-बारा दिवस झाले होते, तरी चौकांत पोलीस बसून होते. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत दर महिन्याला नवे कॉम्प्युटर येत होते आणि ते दुरुस्त करणारी माणसं शहरात मोजकीच होती. मल्हारी त्यातला एक. मेंढरं राखणाऱ्या घरातला, आयटीआय करून रेडिओ-टीव्हीच्या कामातून इथवर आलेला. वय चौतीस, उस्मानपुऱ्यात एक खोली, लग्न नाही. गावाकडून स्थळं आली तेव्हा हा गेलाच नाही. मग ती यायचीही थांबली.

तो जिना चढून वर आला. टेबलाशी बसलेल्या माणसानं मान वर केली आणि मल्हारी दारातच थबकला. तो पुंडलिक होता.

दोघं पाचोडच्या पलीकडच्या एकाच लहान गावचे. आयटीआयला असताना एका खोलीत राहिलेले, एका स्टोव्हवर भात शिजवून खाल्लेले. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्या आठवड्यात मल्हारी गावी होता, पुंडलिक शहरात. दिवस मावळताना जमाव बौद्धवाड्यावर चालून गेला, घरं पेटवली. जमावात मल्हारीचा चुलताही होता. थोड्या वेळानं पुंडलिकची आई, कडूबाई, मल्हारीचं दार बडवायला लागली. “मल्हारी, बाबा, दार उघड रं!” मल्हारी उठला, कडीला हात घातला. मागून बाप म्हणाला, “हात काढ.” त्यानं हात काढला.

कडूबाई ओढ्यानं पळाली, वाचली. हात मात्र कोपरापर्यंत भाजला होता. चार दिवसांनी पुंडलिक खोलीवर आला, आपली पत्र्याची पेटी उचलली आणि निघून गेला. त्यानंतरची सोळा वर्षं मल्हारी त्याच खोलीत एकटा राहत होता.

“या,” पुंडलिक म्हणाला. “सकाळपासून बंद आहे. बघा तुम्ही.”

‘तुम्ही’ ऐकून मल्हारीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “काय व्हतंय?” त्यानं विचारलं.

“पंखा फिरतो. पडदा काळाच राहतो. नुसता पी-पी आवाज येतो.”

मल्हारीनं बटण दाबलं. पंखा घरघरला, तीन वेळा आवाज झाला, पडद्यावर काही नाही. वीज येत होती, म्हणजे दोष आत होता. त्यानं वायर काढली, डब्याचे स्क्रू सोडवले. आत धुळीचा थर. ब्रशनं धूळ झटकून त्यानं मेमरीच्या पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या. त्यांचे सोनेरी दात काळवंडले होते. खिशातल्या खोडरबरानं तो ते घासत बसला. हात कामात होते ते बरं होतं. पुंडलिक खिडकीशी उभा राहून खालची गर्दी बघत होता.

“काम लई निकडीचं हाय का?” मल्हारीनं विचारलं.

“आहे.”

पट्ट्या परत बसवल्या, बटण दाबलं. पुन्हा तीन आवाज. मग त्यानं एकेक पट्टी बदलून पाहिली. तिसरीपाशी खोट सापडली. ती बाजूला ठेवून पिशवीतली दुसरी बसवली. या वेळी एकच आवाज झाला, पडदा उजळला आणि आकडे पळायला लागले. पण पुढं गाडी अडली. आतली बॅटरी उतरल्यामुळं यंत्राला स्वतःची डिस्कच आठवत नव्हती. मल्हारीनं बॅटरी बदलली, डिस्कवरच्या चिकटपट्टीचे आकडे वाचून एकेक भरले, आणि यंत्र सुरू झालं.

“तुमचं काम उघडून बघा, शाबूत हाय का,” तो म्हणाला.

पुंडलिक पुढं आला. त्यानं फाइल उघडली. पडद्यावर कार्डाचा मजकूर आला: पुण्यानुमोदन. कालकथित कडूबाई. रविवारी दुपारी बारा वाजता, राहत्या गावी.

मल्हारीनं तो दोनदा वाचला.

“कवा गेल्या?”

“आठ दिवस झाले. विद्यापीठाच्या नावाची बातमी तिनं रेडिओवर ऐकली. सगळ्या गल्लीला साखर वाटली. मग आजारी पडली ती उठलीच नाही.”

खालून हातगाडीवाल्याची हाळी ऐकू येत होती. मल्हारीनं झाकण बसवायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तो हातातून निसटला. तो उचलण्यासाठी वाकला आणि वाकलेलाच बोलला.

“त्या येळी मी दारामागं व्हतो, पुंडलिक. कडीवर हात व्हता माझा.”

“ठाऊक आहे.” पुंडलिकचा आवाज चढला नाही. “आत कंदील होता. दाराखालच्या फटीतून तुमचे पाय दिसले होते तिला.”

मल्हारीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मग म्हणाला, “रविवारी येऊ का?”

पुंडलिकनं फाइल बंद केली. “आई असती तर या म्हणाली असती. ती कधी तुमच्याबद्दल वाईट बोलली नाही. पण माझ्याच्यानं नाही व्हायचं. येऊ नका.”

“बरं,” मल्हारी म्हणाला. त्यानं डब्याचं झाकण बसवलं, चारी स्क्रू नीट आवळले, टेबलावर पडलेली धूळ फडक्यानं पुसली आणि जिना उतरला.

रविवारी सकाळी त्यानं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. अकराच्या सुमाराला सायकल बाहेर काढली, बसस्थानकाच्या रस्त्याला पन्नास पावलं गेला आणि परत फिरला. बाराच्या ठोक्याला तो खोलीत भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर, दार सताड उघडं.

शेजारच्या मालनबाई पाणी भरून जाताना थांबल्या. “गावाला निघाला व्हय, मल्हारीभाऊ?”

“नाय,” तो म्हणाला. “कुठंच नाय.”